पितळेवरचा हात

या सदरात लिहिणारे बहुतेक जण 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही' असं म्हणतात आणि पुढच्याच ओळीत पिंपळाखाली जाऊन उभे राहतात. मला ते वाचताना हसू यायचं. मी जन्मभर फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी 'मॅडम, आमच्या गल्लीत एक पांढरी बाई दिसते' म्हणालं, की मी विचारायची, 'बरं, तिची सावली कुठल्या बाजूला पडते ते बघून ये.' पोरगं खाली बसायचं. आजही माझा स्वभाव तोच आहे... पण एक गोष्ट मला कुठल्याच फळ्यावर मांडता आली नाही. ती लिहून टाकते. पटली तर पटली.

इंदूरची गोष्ट आहे, मध्यभारत राज्याच्या दिवसांतली. उन्हाळ्यात राजधानी आमच्याकडे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, असा तो गमतीचा कारभार होता. आमचं घर लालबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडील, म्हणजे आप्पा, दरबाराच्या तोषखान्यात, म्हणजे कपड्या-दागिन्यांच्या कोठीवर होते. दरबार गेला, पेन्शन राहिली, आणि ऐट तर होती त्याच्या दुप्पट झाली. मी एम.एस्सी. होऊन एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. डिपार्टमेंटात बाई मी एकटीच.

आमच्या सरांना क्लाउड चेंबर बांधायचं वेड लागलं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर तो एक मोठा, चपटा डबा. काचेचं रुंद कडं, वर काच, तळाला खाचा पाडलेली पितळेची तबकडी आणि तिच्यावर काळी मखमल. आत हवा आणि स्पिरिटची वाफ. खालचा रबरी पडदा झटक्यात ओढला की वाफ एकदम थंड पडते, आणि त्या क्षणी एखादा कण आतून गेला असेल तर त्याच्या वाटेवर धुक्याची पांढरी रेघ उमटते. कण दिसत नाही, त्याची वाट दिसते. सरांच्या जुन्या घड्याळाच्या काट्यावरचं रेडियम आत ठेवून आम्ही पहिली टेस्ट घेतली, तेव्हा शेवया टाकल्यासारख्या आखूड रेघा चारी बाजूंनी फुटल्या. मी टाळ्या वाजवल्या. मधुकर म्हणाला, "क्या बात है भिया, डब्यात दिवाळी!"

मधुकर दुसरा डेमॉन्स्ट्रेटर. त्याचे वडील मिलमध्ये कारकून होते, ते गेल्यावर आई शिवणकाम करायची. माझा त्याच्याशी साखरपुडा झालेला होता. आप्पांनी नाक मुरडतच होकार दिला होता आणि एक अट घातली होती. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात आमचं चेंबर बघायला येणार होते. चेंबर चाललं तर ते इथून एकाला घेऊन जाणार होते. तो एक मधुकर असला तर लग्न, नसला तर पुढचं पुढे. म्हणजे माझा संसार त्या डब्याच्या झाकणावर टांगलेला होता.

आणि डब्याला लागलं होतं जंगाल. ओल, स्पिरिट आणि पितळ एकत्र आलं की हिरवं धरतंच. कुणाच्याही घरी विचारा, कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कसं कळकतं ते. आमच्याकडे ताकाऐवजी वाफ कळकत होती. आत कणभर जंगाल असलं तरी पडदा ओढल्यावर सगळा डबा धुक्यानं भरून जायचा आणि रेघा बुडून जायच्या.

सरांनी पहिल्यांदा तबकडीला लाखेचं पॉलिश दिलं. दोन दिवसांत आत गुळाच्या पाकासारखा चिकट राडा! मधुकरला हसू आवरेना. "सर, लाख तर स्पिरिटमध्येच विरघळते ना... सुतार पण तेच करतो." तो मनापासून हसला, वाईट हेतू काही नव्हता. पण सर मोठ्या घराण्यातले, त्यांच्या आजोबांना दरबारात खुर्ची होती. त्यांच्यासमोर हसायची पद्धत नव्हती. सर चष्मा पुसत राहिले.

मग सर म्हणाले, "आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पितळ कसं टिकलं? कल्हईनं." कसेरा बाजारातून कल्हईवाला आला. त्यानं तबकडी तापवली, नवसागर टाकला, धूर झाला, कापसानं कथील फिरवलं. चांदीसारखी तबकडी. मी म्हटलं, "सर, खाचांमध्ये नवसागर राहिला असेल. तोच पितळ खाईल." सर म्हणाले, "कुसुमबाई, कल्हई स्वयंपाकघरात चालते तर इथे का चालू नये?" स्वयंपाकघरातलं भांडं आपण रोज घासतो आणि डबा महिनोन्‌महिने बंद असतो, एवढं साधं त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही.

झालं तसंच. नेमकं खाचांच्या कडेनं हिरवं फुटलं. आता सरांना माणूस हवा होता. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की काही लोकांच्या घामानं धातू गंजतो. गोष्ट खरीच आहे, घड्याळवाल्यांना विचारा. सरांनी पितळी पत्र्याचे तुकडे घासून चकचकीत केले आणि सगळ्यांना बोलावलं... आम्हाला, शिपायाला, एम.एस्सी.च्या मुलांना. प्रत्येकानं उजवा पंजा एका पत्र्यावर दाबायचा. पत्रे कपाटात बंद. काही दिवसांनी काढले. आमच्या पत्र्यांवर पुसट डाग होते. मधुकरच्या पत्र्यावर अख्खा पंजा हिरवागार उठला होता, बोटांच्या रेषांसकट.

त्याचे हात घामट होते, हे काही गुपित नव्हतं. लिहितानासुद्धा तो खाली रुमाल ठेवायचा. पत्रा बघून तोच म्हणाला, "अरे यार, ये तो पूरा नक्शा आ गया!" सगळे हसले. सरही हसले. मग सरांनी तो पत्रा प्रयोगशाळेच्या दारावर खिळा मारून टांगला आणि खाली चिठ्ठी लावली: 'या हाताचा स्पर्श कोणत्याही उपकरणास होऊ देऊ नये.' मी चिठ्ठी काढायला गेले तर म्हणाले, "धिस इज सायन्स, कुसुमबाई. पर्सनल घेऊ नका."

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. चहावाल्यानं मधुकरचा ग्लास वेगळा ठेवला. शिपाई त्याला वरून पाणी घालू लागला. मुलं त्याच्या समोरून जाताना हात पाठीमागे बांधायची आणि फिदीफिदी हसायची. आपली मराठी मंडळी इंदुरात चार पेठांत राहणार, गणपतीत एकत्र येणार, तिथे गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो! हरतालिकेच्या पूजेला एक बाई आईला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तुमच्या होणाऱ्या जावयाला रक्तपिती आहे म्हणे... कॉलेजात टेस्ट में निकला. दारावर लावलंय."

आप्पा दुसऱ्याच दिवशी साफा बांधून, काठी घेऊन कॉलेजात आले. मला भेटले नाहीत. दारासमोर उभे राहून त्यांनी पत्रा नीट बघितला, सरांशी दोन शब्द बोलले आणि परत गेले. संध्याकाळी साखरपुड्याची साडी मधुकरच्या आईकडे परत पोचली. मी आप्पांसमोर ओरडले, रडले. घामानं पितळ का काळवंडतं, त्यातलं मीठ काय करतं, सगळं समजावलं. आप्पा म्हणाले, "कुसुमे, ज्या हातानं पितळ सडतं त्या हातात मी पोरगी देणार नाही." बस्स.

मुंबईची माणसं यायच्या दोनेक महिने आधी मधुकर एकदा दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात आला. दोन्ही हात पाठीमागे. चेहरा मजेत. म्हणाला, "कुसुमजी, लोखंड नायट्रिकमध्ये बुडवलं की काय होतं?"

"पॅसिव्ह होतं. मग गंजत नाही." मी शिकवायच्या सुरात उत्तर दिलं.

"तो मैं भी हो गया पॅसिव्ह." त्यानं हात पुढे केले. मनगटापर्यंत पिवळे, कातडी आक्रसलेली, मध्येच फुटलेली. नायट्रिकनं कातडी पिवळी होते हे मी मुलांना दर वर्षी सांगायची. तो हसत होता. "बघ ना... हळद तर लागली."

मी त्याला वाटेल ते बोलले. मूर्ख म्हटलं, भेकड म्हटलं. टांगा करून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी हात बांधले, पण ते चिघळले आणि रक्तात विष भिनलं. पुढच्या आठवड्यात मधुकर गेला. त्याच्या आईच्या घरी सर भेटायला आले तेव्हा मला ऐकू जाईल असं कुणाला तरी म्हणाले, "हँडलिंग पुअर होतं त्याचं. मी म्हणतच होतो." त्या माउलीसमोर!

इथपर्यंतचं सगळं माणसांनी केलेलं आहे, त्यात न समजण्यासारखं काही नाही. पुढचं मात्र तुम्हीच बघा.

चेंबर पुरं करायचं काम आता माझ्यावर आलं. मी कल्हईची तबकडी फेकून दिली आणि नवी घेतली. सायकलच्या हँडलला निकेल चढवणाऱ्याकडून तिच्यावर निकेल चढवून आणलं. सोड्यानं धुतली, वाळवली. सुती हातमोजे घालून जोडली. वर मखमल चिकटवली, काच बसवली, सांध्यांना मेण मीच लावलं. मेण फोडल्याशिवाय आत काही जाणं शक्य नाही. टेस्ट घेतली. एका बाजूला रेघा स्वच्छ, आणि मधोमध धुक्याचा गोळा. पुन्हा पडदा ओढला, पुन्हा तिथेच. मेण फोडलं, काच काढली, मखमल सोलली... निकेलवर हिरवा पंजा. अख्खा. बोटांच्या रेषांसकट.

निकेल नीट चढलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण जंगाल पंज्याच्या आकारात का धरेल? मी दारावरचा पत्रा काढून शेजारी ठेवला. कातरलेल्या कागदासारखा तंतोतंत तोच हात. फरक एवढाच की दारावरचा जुना होऊन काळसर पडला होता आणि हा ताजा होता.

सरांना वाटलं मीच हा चावटपणा केलाय. "शोक घरी करायचा, कुसुमबाई," असं म्हणाले. दुसरी तबकडी आली, त्यांच्या देखत मी जोडली. पुन्हा तेच. मग सरांनी स्वतः जोडली, मला दूर उभं करून. डबा लख्ख. धुकं नाही, डाग नाही. पुन्हा माझ्याकडून जोडून घेतली, पुन्हा पंजा. सरांच्या हातून एकदाही काही झालं नाही. माझ्या हातून मात्र दर वेळी.

मुंबईची माणसं आली त्या दिवशी सरांनी जोडलेलं चेंबर होतं. काय सुंदर चाललं! वरून आलेला एक कण आरपार लांबलचक रेघ ओढून गेला, तेव्हा पाहुण्यांनी सरांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. सरांना पुढच्या कामासाठी पैसे मंजूर झाले. वर्गातला एक गुळगुळीत पोरगा मुंबईला गेला. आणि मला सरांनी प्रयोगशाळेत यायची बंदी केली. मी दारात उभी राहून त्या डब्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, मधुकर, आज तरी ये. आज या माणसासमोर ये. तो आला नाही.

वर्ष उलटायच्या आत आप्पांनी देवासचं स्थळ आणलं. मी नाही म्हणायचंसुद्धा विसरून गेले होते. मुलगा शांत होता, वकिली करायचा. मला बघायला आला तेव्हा त्यानं क्लाउड चेंबरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. खरं सांगते, मला तो आवडला. पुन्हा जगावंसं वाटायला लागलं. या घरातून बाहेर पडायची ती एकच वाट होती, आणि ती चांगल्या माणसाकडे जात होती.

आईनं कसेरा बाजारातून भांडी घेतली. घागर, पातेली, परात, तांबे. आपल्याकडे असतं तसं प्रत्येकावर माझं नाव ठोकून घेतलं, आतून कल्हई केली आणि पेटीत भरून ठेवलं. लग्नाच्या तयारीला होणारे सासू-सासरे आणि सासूबाईंच्या जावा आल्या. फराळ झाल्यावर आईनं हौसेनं पेटी उघडली. पहिलं पातेलं बाहेर काढलं आणि तिच्या तोंडून "अगबाई..." एवढंच निघालं. आतल्या कल्हईवर हिरवा पंजा. दुसऱ्यात, तिसऱ्यात, परातीत, सगळीकडे. घागरीच्या आत, जिथे कुणाचा हात जाऊच शकत नाही, तिथेसुद्धा. कल्हई बिघडली तर काळी पडते, हिरवी होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच पेटीत आईची जुनी भांडी होती, माझं नाव नसलेली. ती चकचकीत होती.

आईनं चिंच आणि राख घेऊन तिथेच घासायला सुरुवात केली, रडत रडत. पंजे निघाले. पाहुणे दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला आले तोवर पुन्हा उठले होते. वकीलसाहेबांच्या वडिलांनी आप्पांना बाहेर नेलं, आणि आप्पा परत आले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते.

मग आप्पांनी काय केलं असेल? शास्त्रज्ञाला बोलावलं. सरांना!

सर आले, खुर्चीवर बसले, सरबत प्यायले. भांडी बघितली. म्हणाले, "रावसाहेब, मला लॅबमध्येच शंका होती. दोष मुलीच्या हातात आहे. टेस्ट घेऊन टाकू." येताना त्यांनी घासलेला पितळी पत्रा आणलाच होता. मी हात मागे घेतला. आप्पांनी माझं मनगट धरून माझा पंजा त्यावर दाबला. पत्रा देवघराच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली सरांनी नेली.

पुढच्या रविवारी सकाळी सर पुन्हा आले. आप्पा, आई, मी आणि ते, एवढेच होतो. कुलूप उघडलं. पत्र्यावर हिरवा पंजा होता.

माझा हात लहान. मला बांगड्यासुद्धा लहान मुलींच्या मापाच्या लागायच्या. पत्र्यावरचा पंजा माझ्यापेक्षा चांगला बोटभर मोठा होता. कुणी काही बोलायच्या आत मी पुढे होऊन माझा हात त्यावर ठेवला. माझ्या बोटांच्या चारी बाजूंना हिरवं उरलं. साखरपुडा झाला होता तरी मधुकरनं माझा हात कधी धरला नव्हता, घामाची लाज वाटायची त्याला... पत्रा ओला होता. कपाट कोरडं, वैशाख महिना, आणि पत्रा कोमट आणि ओला होता.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी तो पंजा ओळखला होता. कितीतरी दिवस तोच दारावर टांगून त्यांनी लोकांना दाखवला होता, ते विसरतील कसे? त्यांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "सर, खरं सांगा. हा माझा हात आहे?"

सरांनी खिशातून रुमाल काढला, पत्रा त्यात गुंडाळला आणि आप्पांना म्हणाले, "मुलीचाच आहे. टेस्ट पॉझिटिव्ह. लग्नाच्या भानगडीत पडू नका तिच्या." आणि पत्रा काखेत मारून निघून गेले. आप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांना कारण मिळालं होतं, तेही शास्त्रीय.

त्यानंतर भांडी पुन्हा कधी हिरवी झाली नाहीत. एकदाही नाही. आप्पा गेल्यावर मी ती घेऊन भंवरकुआंकडे दोन खोल्यांत राहायला आले, मुलींच्या कॉलेजात शिकवलं, आणि आजवर त्याच पातेल्यांत एकटीचा वरणभात करते. सर सन्मानानं निवृत्त झाले, हारतुरे झाले, नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. त्यांच्याकडे एकदा सत्यनारायणाला जावं लागलं होतं. घरातलं सगळं पितळ मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. आरशासारखं होतं.

लोक विचारतील, मॅडम, तुमचं काय म्हणणं? घाम, मीठ, नवसागर, बाष्प, मी सगळं लावून पाहिलं. काहीही बसत नाही. आणि खरं सांगू, तो पंजा कसा उमटला याचं मला आता फारसं वाटतही नाही. मला राग आहे तो मधुकरचा. ज्यांनी त्याचे हात नायट्रिकमध्ये घालायला लावले, त्यांच्या वाटीला त्यानं कधी बोट लावलं नाही. लावलं ते माझ्या. जी एकटी त्याच्या बाजूनं ओरडली होती, तिच्या.